नोकरीच्या मुलाखतीत आईचं काय काम

१४ मार्च, शनिवार

ती. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. साष्टांग म्हणजे मनातल्या मनात. खरंच घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील. आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांना नवा चष्मा आला, त्यामुळे घरातली धूळ त्यांना एकदम दिसायला लागलीय आणि माझ्या डोक्याला नवा ताप झालाय. तुझा गुडघा कसा आहे? लाँड्रीतली वाफेची इस्त्री दुरुस्त झाली, की अजून चापट मारल्याशिवाय वाफ सोडत नाही? दिवसभर काउंटरशी उभी राहू नकोस, एक उंच स्टूल घे. हे मी दरवेळी सांगते आणि तू दरवेळी ‘बघू’ म्हणतेस.

पत्र कशाला, फोन नव्हता का, असं विचारशील. फोनवर तुझं एक ठरलेलं आहे. विषय नको तिकडे वळला की तू ‘गिऱ्हाईक आलंय, ठेवते’ म्हणतेस. दुकान बंद असलं तरी तुझ्याकडे गिऱ्हाईक येतं. पत्राच्या मधेच कोणी गिऱ्हाईक येत नाही, म्हणून लिहायला बसले. घाबरू नकोस, जिचा विषय काढायचा नाही असं तू बजावलंयस, तिचा काढत नाही. मी माझ्या ऑफिसचं सांगणार आहे.

ऑफिसचा मला वीट आलाय, ताई. वीट हा शब्दसुद्धा सभ्य झाला, शिसारी म्हण. सकाळी त्या काचेच्या दारातून आत शिरले की तोंडात काहीतरी आंबट येतं.

तुला माहीत आहे, आमची कंपनी कपाटं आणि पलंग बनवते आणि मी तिथे माणसं निवडते. म्हणजे निवडत होते. तक्रार विभागात माणूस हवा असला की मी त्याला समोर बसवायची, चहा द्यायची आणि म्हणायची, “मी चिडलेली बाई आहे, माझ्या नव्या कपाटाचं दार लागत नाही. बोला.” कोणी गडबडायचं, कोणी उलट माझ्यावरच डाफरायचं. एखादी विचारायची, “काकू, कपाटाखालची फरशी सपाट आहे का?” तिला घ्यायची. माझ्याकडून चुका झाल्या नाहीत असं नाही. एकाला घेतला तो गिऱ्हाइकांना कविता ऐकवायचा. पण चूक झाली तर ती माझी असायची आणि मला ती निस्तरता यायची.

मग साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले. आल्यापासून त्यांच्या तोंडी एकच शब्द: एआय-सज्ज. तक्रारी ऐकणारा हवा, तो एआय-सज्ज. गोदामात पलंग मोजणारा हवा, तो एआय-सज्ज. बागेला पाणी घालणाऱ्या माणसाच्या जाहिरातीतही त्यांनी तो शब्द घालायला लावला. मी विचारलं, “सर, कपाटाचं दार लागत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या माणसाशी बोलायला एआय कशाला?” म्हणाले, “बाई, नाहीतर आपण मागे पडू.” कोणाच्या मागे, ते त्यांना परिषदेत सांगितलेलं नसावं. साहेबांना स्वतःला मेलला फाइल जोडता येत नाही, ती मी जोडते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

परिषदेतून येताना त्यांनी एक सल्लागार आणला. त्याचं नाव मी मनात ‘गुळगुळीत’ ठेवलंय. केस गुळगुळीत, बूट गुळगुळीत, बोलणं तर असं की शब्दावर माशी बसली तर घसरेल. त्याने एक यंत्र विकलं. उमेदवाराने आपल्या घरी फोनसमोर बसायचं. फोनमधला आवाज प्रश्न विचारणार, उमेदवार बोलणार, यंत्र ते ऐकून लिहून काढणार आणि मार्क देणार. त्यात सर्वांत जास्त मार्क कशाला, तर एआय येतं का, याला. मी फक्त शेवटी थोडी उत्तरं ऐकायची आणि ‘माणसाने तपासले’ या चौकोनात खूण करायची. इतकी वर्षं माणसं पारखून शेवटी मी चौकोनातली माणूस झाले.

आणि ती उत्तरं! ताई, एकदा ऐक म्हणजे कळेल मला ओकारी का येते. पोरगेला असो नाहीतर केस पिकलेला, प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो: “एआय माझा स्पर्धक नाही, माझा सहकारी आहे.” एक सुतारकाम शिकवणारे गृहस्थ होते, जन्मभर रंधा चालवलेले. तेही तेच म्हणाले, शाळेतल्या मुलाने पाठ केलेलं बोलावं तसं, आणि मधेच विसरले तेव्हा कागद चाळल्याचा आवाज आला. सगळे जण मुलाखतीत काय बोलू, हे आधी त्या एआयलाच विचारून येतात. म्हणजे प्रश्न यंत्राचा, उत्तर यंत्राचं, मार्कही यंत्राचे. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय. आणि मी त्याखाली सही करते.

आता खरी गोष्ट. आपल्या लोकांच्या तोंडात हा शब्द नीट बसत नाही. कोणी ‘एआय’ म्हणतं, कोणी तोडून ‘ए, आय’ म्हणतं, घाईत कोणी नुसतं ‘आय’. यंत्राला ते सगळं ‘आई’ ऐकू यायचं. पहिला निकाल आला तेव्हा एकालाही एआय येत नव्हतं आणि आया मात्र सगळ्यांना होत्या. साहेब तापले. गुळगुळीतने लगेच उपाय केला: यंत्राला ‘आई’ ऐकू आलं की त्याने ‘एआय’ लिहायचं. सरसकट. मी म्हटलं, “आणि कोणी खरंच आईबद्दल बोललं तर?” तो गोड हसला. म्हणाला, “मॅडम, नोकरीच्या मुलाखतीत आईचं काय काम?” साहेब हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसले.

मग जे कागद यायला लागले त्यांनी माझी करमणूक केली. एक जण दर वाक्याला शपथ घेणारा होता. यंत्राने लिहिलं, “एआयशप्पथ सांगतो सर, मी कधी दांडी मारत नाही.” दुसऱ्याचं होतं, “एआयच्या पायाचं ऑपरेशन झालं, तिला उचलून न्यावं लागायचं, म्हणून मधे नोकरी सोडली.” पुढे यंत्राचा शेरा: एआय देखभालीचा प्रत्यक्ष अनुभव. एकीने सांगितलं होतं, “एआय फार मारकुटी होती, पण तिच्यामुळेच शिकले.” मी हे घरी ह्यांना वाचून दाखवलं आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. हे हसले नाहीत. म्हणाले, “तो माणूस आईचं दुखणं काढत होता आणि तू हसतेस काय?” मला त्यांचा रागच आला. चष्मा लागल्यापासून ह्यांना नको ते दिसतं, असं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

त्याच कागदांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर एका मुलीचं उत्तर होतं. यंत्राने तिला इतके मार्क दिले होते की गुळगुळीत स्वतः खाली येऊन म्हणाला, “मॅडम, ही ऐका. असा उमेदवार मी पाहिला नाही.” मी कानाला हेडफोन लावले. पहिलंच वाक्य ऐकलं आणि काढून ठेवले. पाणी प्यायले. पुन्हा लावले.

ताई, इथवर वाचलंयस तर पुढेही वाच. विषय काढणार नाही म्हणाले होते, पण ऑफिसचं सांगताना तो वाटेतच आहे. तो आवाज आपल्या मुंगीचा होता, तुझ्या लेकीचा.

आज इथेच थांबते.

१५ मार्च, रविवार

कालचं पुन्हा वाचलं. नुसतेच विनोद केलेत मी. ज्यासाठी लिहायला बसले ते पुढेच ढकलत राहिले.

तुझं आणि तिचं काय झालं ते मला तुम्ही दोघींनीही सांगितलंय, वेगवेगळं, आणि दोन्हीत वाक्य एकच होतं. तुला तिने लाँड्री चालवायला हवी होती, तिला शहरात नोकरी हवी होती. भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर ती म्हणाली, “लोकांची घाण धुण्यापलीकडे तुला येतं काय? तुझ्याकडून शिकण्यासारखं आहे तरी काय?” तू त्या गिऱ्हाइकाचा कोट नीट घडी घालून त्याच्या हातात दिलास आणि तेव्हापासून तिच्याशी बोलली नाहीस. वर्ष होत आलं. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. माझ्या मुलाने मला असं म्हटलं असतं तर मी त्याला कोटासकट बाहेर काढलं असतं.

आता ती यंत्रापुढे एकटी बसून काय बोलली ते लिहिते. तिला ठाऊक नव्हतं की पलीकडे मी ऐकणार आहे. मी कुठे काम करते ते तिला माहीत आहे, पण मुलाखती सगळ्या यंत्रच घेतं असं तिला वाटत होतं. यंत्राने जिथे जिथे एआय लिहिलंय तिथे मी तिचा शब्द परत घातलाय.

आवाजाने विचारलं, चिडलेल्या ग्राहकाला कसं हाताळाल. ती म्हणाली: “आई म्हणते, माणूस चिडून आला की आधी त्याचं कापड बघायचं, तोंड नंतर. तोंड बघितलं की आपणही चिडतो. आणि डाग जाणार नसेल तर कपडा हातात घेण्याआधी सांगायचं. घेतल्यावर सांगितलं की तो डाग आपण पाडला असं होतं.”

आवाजाने विचारलं, काम अडलं तर काय करता. “आईला विचारते. आता लांब राहते, म्हणून मनातल्या मनात विचारते. तरी उत्तर येतं.” शेरा: एआयचा वापर अंगवळणी पडलेला, उत्कृष्ट.

मग विचारलं, हे कौशल्य कुठे शिकलात. यंत्राने तिथे आधी नुसती टिंबांची ओळ काढलीय. मग म्हणाली, “सगळं आईकडून. तिला हे कधी सांगितलं नाही. उलटंच बोलले.” शेरा काय असावा? ‘उमेदवार एआयला उलटसुलट प्रश्न विचारून पडताळून पाहते.’

मला हसू आलं नाही. मला त्या यंत्राची, गुळगुळीतची आणि माझ्या आदल्या दिवशीच्या हसण्याची किळस आली.

इथवर मी बरी मावशी होते. पुढचं ऐक.

मला तेव्हाच साहेबांकडे जाऊन सांगायला हवं होतं की यंत्र चुकतंय. आणि ही माझ्या बहिणीची मुलगी आहे, हेही सांगायला हवं होतं. नात्यातलं कोणी असलं तर आधी कळवायचा आमच्याकडे नियम आहे. मी यातलं काहीच केलं नाही. मला वाटलं, यंत्राच्या चुकीने का होईना, पोरीला नोकरी लागतेय तर आपण का पायात पाय घालावा? तिची परिस्थिती मला दिसत होती. ती एका टायरच्या दुकानावर खोली घेऊन राहते, अर्ज करून करून तिची चप्पल झिजलीय, आणि सगळीकडे तोच प्रश्न, एआय येतं का. मी चौकोनात खूण केली आणि तिला फोन लावला.

म्हटलं, “मुंगे, गुरुवारी तुला समोरासमोर बोलावतील. मी खोलीत असेन, पण ओळख दाखवू नकोस. आणि यंत्राने तुझ्या आईचं एआय करून ठेवलंय. ते एआय म्हणाले की तू हो म्हण. दुरुस्त करत बसू नकोस.”

आधी ती खूप हसली. मग म्हणाली, “आणि आईचं काय, मावशी?”

मी म्हणाले, “आईचं काय? आईला कुठे कळणार आहे?”

हे माझे शब्द. तुझ्या मुलीने विचारलं आणि तुझ्या बहिणीने हे उत्तर दिलं. वाच आणि मला काय म्हणायचं ते म्हण.

गुरुवारी ती आली. तुझाच तो करडा सदरा, तू तिच्या मापाचा करून दिलेला, आणि इस्त्री अशी की मी लांबून ओळखलं कोणाच्या हाताला वळण आहे. काचेची खोली, भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर तिची उत्तरं. टेबलाच्या एका बाजूला साहेब, गुळगुळीत आणि मी. दुसऱ्या बाजूला ती एकटी. आमच्या चहाच्या मावशी सगळ्यांपुढे कप ठेवत होत्या.

साहेबांनी पडद्यावरचं मोठ्याने वाचलं, “‘एआय म्हणते, डाग जाणार नसेल तर कपडा हातात घेण्याआधी सांगायचं.’ वा! कुठलं एआय हे?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

“घरचंच आहे, सर,” ती म्हणाली.

“घरगुती वापराचं,” गुळगुळीतने साहेबांना समजावलं. “कधीपासून वापरताय?”

“लहानपणापासून.”

दोघंही खूश. साहेब म्हणाले, “बघा बाई, नवी पिढी!” गुळगुळीतने विचारलं, “पैसे भरून घेतलंय की फुकटचं?”

“फुकटच होतं, सर.” तिचा आवाज बदलला होता. त्यांना तो कळला नाही, मला कळला. मी मनात म्हटलं, अजून थोडं, पोरी, अजून दोन प्रश्न रेट.

मग साहेबांनी त्यांचा आवडता प्रश्न काढला. परिषदेत शिकून आलेत, सगळ्यांना विचारतात. “समजा, उद्या तुमचं एआय बंद पडलं. मग काय कराल?”

तिने सदऱ्याची बाही सरळ केली. गुळगुळीत पेन टकटक करायला लागला. साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला.

ती म्हणाली, “बंदच आहे, सर. बोलत नाही माझ्याशी.”

“म्हणजे? बिघाड आहे का काही?”

“बिघाड माझा आहे.” आणि मग एका दमात बोलली. “सर, ते एआय नाही. आई आहे. मी आई म्हणाले होते, तुमच्या यंत्राने चुकीचं लिहिलंय. माझी आई लाँड्री चालवते. हे जे सगळं तुम्ही वाचलंत ते तिचं आहे. मला एआय फारसं येत नाही, शिकवलंत तर शिकेन. पण हिला मी एआय म्हणू शकत नाही. एकदा तिच्या तोंडावर तिला काहीच येत नाही म्हणून झालंय माझं. पुन्हा नाही म्हणायचं.”

तिने माझ्याकडे वळून बघितलं, डोळे भरलेले, आणि म्हणाली, “मावशी, मला नाही जमत गं.”

साहेबांनी मान वळवली. “मावशी?”

ताई, माझ्या बाजूला चहाच्या मावशी रिकामे कप उचलत होत्या. मी त्यांच्याकडे बोट केलं आणि म्हणाले, “ह्यांना म्हणाली असेल, सर.”

असं म्हणाले मी. माझ्याच तोंडाने, अगदी सहज. उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्या बाईला काहीच ठाऊक नव्हतं. पण पोर रडतेय एवढं तिला दिसलं. तिने कप खाली ठेवले, मुंगीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “काय गं बाळ? पाणी देऊ का?” मुंगीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “हो, द्या ना, मावशी.” माझं खोटं तिने झाकलं. मी पढवलेलं खोटं स्वतःसाठी बोलणं तिला जमलं नाही आणि माझ्यासाठी मात्र जमलं.

ती गेल्यावर गुळगुळीतने तिचे मार्क शून्यावर आणले. “एआयचा अनुभव नाहीच की,” म्हणाला. साहेब म्हणाले, “मुलगी प्रामाणिक आहे, पण आपल्याला सज्ज माणूस हवा.” तुला वाटेल, आता सगळ्यांचीच उत्तरं पुन्हा तपासली असतील. छे. एखादी चूक व्हायचीच, असं ठरलं. नोकरी कोणाला मिळाली सांगू? दर वाक्याला आईशप्पथ म्हणणाऱ्याला. यंत्राच्या हिशेबाने त्याच्याइतका एआय-सज्ज माणूस दुसरा नाही. त्याच्या कागदावर ‘माणसाने तपासले’ची खूण माझी आहे. मी तीही केली.

परवा संध्याकाळी ऑफिसातून थेट तिच्या खोलीवर गेले. रबराच्या वासाचा जिना चढताना ठरवलं होतं, ती शिव्या देईल, त्या घ्यायच्या. तिने दार उघडलं, आत घेतलं, एकुलत्या खुर्चीवरचे कपडे उचलले, मला बसवलं. आणि पहिला प्रश्न काय, “तुझी नोकरी राहिली ना, मावशी?” त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. दुसरा प्रश्न तुझ्या गुडघ्याचा होता.

मी म्हटलं, “मी आईला हे सगळं सांगते.” ती घाबरली. “नको. तिला वाटेल, नोकरी मिळाली नाही म्हणून आता आई आठवली. मी कुठेतरी लागते, मग माझी मी सांगेन.” माझ्याकडून वचन घेतलं. मी दिलं, आणि आता मोडतेय. माझ्या वचनाची किंमत गुरुवारपासून तशीही फार उरलेली नाही.

माझ्या ऑफिसचं विचारशील तर, नोकरी मी सोडलेली नाही. पत्र लिहून मन मोकळं केलं आणि राजीनामा फेकला, असली शूर बाई मी नाही. उद्या सोमवारी साहेबांना जाऊन सांगणार आहे की ती माझी भाची होती, मी लपवलं, आणि तुमच्या यंत्राने निवडलेल्या निम्म्या लोकांना एआय नाही, आई आहे. ते काय करतील ते करोत. मला सांगायचंय त्याचा त्यांना उपयोग व्हावा म्हणून नाही. तीन दिवस झाले, माझ्या तोंडाची चव गेलीय.

ताई, माय मरो पण मावशी जगो, असं म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याने मला पाहिलेलं नव्हतं. माय जगली पाहिजे, आणि तिने बोललं पाहिजे. तू तिला फोन कर म्हणून मी सांगणार नाही, तुला कोणी काही सांगितलेलं खपत नाही हे मी लहानपणापासून बघतेय. तिला ओरडायचं असेल तर ओरड, ते वाक्य साधं नव्हतं. पण तिला वाटतंय की तुला ती नोकरी घेऊन परत आलेलीच चालेल. ते खरं नाही, हे तिला तुझ्या तोंडून कळायला हवं. माझ्यावर आता ती विश्वास का ठेवेल?

तिने नोकरी समोर असताना, परक्या माणसांत, तुला आई म्हटलं. मला त्या खोलीत एकच शब्द म्हणायचा होता आणि तो मी दुसऱ्या बाईच्या गळ्यात घातला. तिथे म्हणाले नाही, तो इथे तुझ्यासमोर सही करून लिहिते.

तुझी धाकटी,
आणि मुंगीची सख्खी मावशी